चढासाठी हलकी रोड बाइक जुळवताना: सहा किलोची की सात किलोची?

एकेक भाग निवडून घाटासाठी रोड बाइक जुळवायची म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबणाऱ्या ब्रेकची: हलकी कार्बन फ्रेम, बुटक्या रिमची चाकं, बाहेरून गेलेल्या केबल आणि काट्यावर सहा किलोच्या आसपास वजन. दुसरी डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर दाबणाऱ्या ब्रेकची: हल्लीची फ्रेम, २८ किंवा ३० मिलिमीटरचे टायर, मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आणि वजन सातच्या थोडं पुढे. सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय हिने २००० सालापासून ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे, त्यामुळे पहिली सायकल तिच्या शर्यतींत चालणार नाही. त्या शर्यतींत तुम्ही उतरणार नसाल तर नियम आड येत नाही. मग मधला तो एक किलो नेमकं काय देतो, ते आधी मोजून घ्यावं.

एक किलो वजन १००० मीटर उंच न्यायला सुमारे ९,८०० ज्यूल ऊर्जा लागते. तुमच्या पायांतून सलग २५० वॅट निघत असतील तर ही ३९ सेकंदांची मेहनत झाली, आणि २०० वॅट निघत असतील तर ४९ सेकंदांची. १००० मीटरची चढाई अशा ताकदीने तासाभराची असते. म्हणजे तासामागे पाऊण मिनिटाच्या आतबाहेर. वेळ लावून शर्यत करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे आणि त्यासाठी केलेला खटाटोप मला योग्य वाटतो. बाकीच्यांनी मात्र हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचा प्रत्येक भाग निवडावा. चाकांवरचं एक ग्रॅम दोन ग्रॅमच्या बरोबरीचं, असं पुष्कळदा सांगतात. ते वेग वाढवताना खरं आहे, तेही रिम आणि टायरपुरतं. एकसारख्या गतीने चढताना चाकाचं वजन इतर वजनासारखंच मोजलं जातं.

गिअर आधी ठरवा

वजनाच्या चर्चेत हाच भाग मागे पडतो आणि चढावर हाच सगळ्यात जास्त छळतो. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे कॅसेटचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं असेल तर मिनिटाला ७० फेऱ्या मारताना वेग ताशी ११ किलोमीटरच्या जवळ जातो. १० टक्के चढावर, स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर त्याला २६० वॅटच्या आसपास लागतात. मागे ३४ दाते असतील तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी ९ किलोमीटर होतो आणि २१५ वॅट पुरतात. सलग २६० वॅट देऊ न शकणाऱ्याचे पहिल्या जोडणीत पाय मंदावतात, गुडघ्यांवर जोर येतो आणि मांड्या वेळेआधी भरून येतात. ११-३० ऐवजी ११-३४ कॅसेट (आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांचे) घेतली तर साधारण ३० ते ५० ग्रॅम वाढतात. एवढ्या थोड्या वजनात एवढा उपयोग सायकलच्या दुसऱ्या कुठल्याही भागातून मिळत नाही. सहा किलोच्या सायकलसाठी लहान कॅसेट आणि आखूड मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) घेऊन ग्रॅम वाचवणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे एकच चेनरिंग ठेवण्याची कल्पना मोहक आहे. पुढचा डिरेलर आणि दुसरी चेनरिंग काढली की दीडदोनशे ग्रॅम सहज कमी होतात. फक्त वर जाऊन संपणाऱ्या शर्यतीसाठी, चढ ओळखीचा असेल तर, हे उत्तम. चढ-उतार-सपाट असा दिवसभराचा रस्ता असेल तर दोन गिअरमधली उडी मोठी होते आणि लय सारखी तुटते. तिथे दोन चेनरिंगच घ्याव्यात. इलेक्ट्रॉनिक की केबलचे गिअर, हा वजनापेक्षा आवडीचा प्रश्न आहे. शिमानो कंपनीने २०२१ मध्ये ड्युरा-एस या आपल्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या जोडणीची १२ गिअरची आवृत्ती फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आणली. त्यामुळे केबलच हवी असेल तर जुनी ११ गिअरची जोडणी किंवा कंपनीची खालच्या श्रेणीतली जोडणी शोधावी लागते.

टायर

टायरबाबत माझं मत ठाम आहे: इथे काटकसर करू नये. रोलिंग रेझिस्टन्सचा (टायर रस्त्यावर फिरताना होणाऱ्या अडथळ्याचा) गुणांक ०.००६ असलेल्या टायरऐवजी ०.००४ चा टायर लावला तर ८ टक्के चढावर होणारा फायदा सायकल सुमारे १.८ किलोने हलकी केल्याइतका असतो. दोन्ही सायकलींमधल्या फरकापेक्षा हा जास्त आहे! नाजूक बांधणीचा, मऊ रबराचा चांगला टायर दोन्ही सायकलींना बसतो. फरक रुंदीत पडतो. रिम ब्रेकच्या बऱ्याच फ्रेममध्ये २५ किंवा फार तर २८ मिलिमीटरपर्यंत जागा असते. रस्ता खडबडीत असेल तर २८-३० मिलिमीटरचा, कमी हवेचा टायर चढतानाही कमी धक्के देतो, उतरताना तर देतोच.

साधी ब्यूटाइल (रबरी) ट्यूब १०० ग्रॅमच्या आसपास असते, टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) २५ ते ४० ग्रॅमची. सायकल हलकी करण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. मात्र रिम ब्रेकवर रिम तापते आणि काही टीपीयू ट्यूब फक्त डिस्कसाठीच बनवलेल्या असतात, तेव्हा पाकिटावरचं वाचूनच घ्या. ट्यूबलेसमध्ये (ट्यूब नसलेल्या टायरमध्ये) सीलंटचं, म्हणजे आत घातलेल्या द्रवाचं वजन आलं, पण लहान भोकं आपोआप बुजतात. ट्यूबलेससाठी हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) रिम घेतली तर हवेची कमाल मर्यादा ५ बार आहे, शिवाय कंपनीच्या यादीतलाच टायर लावावा लागतो. वजनदार स्वाराने ती टाळावी.

उताराचं काय

निर्णय खरा इथे होतो. डिस्क ब्रेकमुळे संपूर्ण सायकलचं वजन ३०० ते ५०० ग्रॅम वाढतं. त्या बदल्यात पावसात लगेच पकड मिळते, बोटं दुखत नाहीत आणि ब्रेकची उष्णता रिमपासून दूर राहते. कार्बन रिमवर सतत ब्रेक दाबत लांब उतार उतरलं तर रिम इतकी तापू शकते की तिच्यातलं रेझिन (कार्बनचे धागे जोडून ठेवणारा पदार्थ) मऊ पडतं. रिम ब्रेकच हवा असेल तर अॅल्युमिनियमची रिम घ्या. थोडं वजन परत येईल, पण उतरताना धाकधूक राहणार नाही. चढून वर पोहोचल्यावर सायकल गाडीत टाकून खाली आणणार असाल किंवा कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावरच चालवणार असाल, तर सहा किलोची रिम ब्रेकची सायकल खुशाल जुळवा. ती चालवायला विलक्षण चपळ वाटते आणि दुरुस्तीलाही सोपी. बाकी सगळ्यांना मी डिस्क सुचवेन. जोडीला हेही पाहा, की रिम ब्रेकच्या नव्या चांगल्या फ्रेम आणि चाकं दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत.

फ्रेम आणि चाकं

स्पेशलाइज्डने २०२० मध्ये आणलेल्या एथॉसच्या सर्वांत हलक्या फ्रेमचं वजन कंपनी ५८५ ग्रॅम सांगते, तेही डिस्कसह वापरायच्या फ्रेमचं. चांगली कार्बन फ्रेम सहसा ७०० ते १००० ग्रॅमची, टायटॅनियमची १३०० ते १६००, स्टीलची त्याहून जड. पोलाद, टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम यांची वजनामागची ताठरता जवळपास सारखीच असते. म्हणून नळीचा व्यास आणि जाडी धातूइतकीच महत्त्वाची ठरते. तुमचे हात-पाय-धड यांचं प्रमाण तयार मापात बसत नसेल तर मापाने बनवलेली टायटॅनियमची फ्रेम घ्या. ७०० ग्रॅम जास्त, म्हणजे २५० वॅटच्या हिशोबाने १००० मीटरमागे २७ सेकंद. अवघडलेली पाठ त्याहून जास्त वेळ खाते.

चाकांत ३०-३५ मिलिमीटर उंचीची, १३०० ग्रॅमच्या आसपासची जोडी घ्यावी. ७८ किलो एकूण वजन आणि २५० वॅट धरले तर ८ टक्के चढावर वेग ताशी १३ किलोमीटर असतो आणि वारा कापण्यात ४ टक्केच ताकद जाते. ४ टक्के चढावर वेग २१ होतो आणि हा वाटा १७ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तुमचे चढ लांब आणि मवाळ असतील तर थोडी उंच रिम जड असूनही परवडते.

शेवटी खोगीर, सीटपोस्ट, हँडल. अडीचशे ग्रॅमचं खोगीर बदलून दीडशेचं घेणं सोपं आहे, पण तासभर बसून पाहिल्याशिवाय घेऊ नका. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे), ब्रेकचे बोल्ट आणि चेन यांत ग्रॅम शोधू नका. हलक्या भागांवर स्वाराच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती पाहा आणि कार्बनचा प्रत्येक भाग टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळा.