गणित सोडवायचं की सोडायचं : कॅटच्या ४८० जुन्या प्रश्नांसोबत सात महिने

आधी हिशेब देते, सवयच आहे. कॅट म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत एमबीएला जाण्यासाठीची प्रवेश परीक्षा, आणि क्वांट म्हणजे तिचा गणिताचा भाग. कॅटच्या २०१७ ते २०२३ या सात वर्षांच्या पेपरांतले क्वांटचे सगळे प्रश्न मी २०२४ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत सोडवले. २०१७, १८ आणि १९ ला दिवसाला दोन स्लॉट (म्हणजे दोन वेळांना दोन वेगळे पेपर), प्रत्येकात ३४ प्रश्न : २०४. २०२० ला तीन स्लॉट, २६ प्रमाणे ७८. पुढच्या तीन वर्षांत तीन-तीन स्लॉट, २२ प्रमाणे १९८. बेरीज ४८०. पीडीएफ फुकट मिळाल्या, झेरॉक्सवाल्याने पाठपोट प्रिंट काढून दिल्या, आणि एक दोनशे पानी रजिस्टर घेतलं. खर्च एवढाच. नंतर मोहात पडून एक टेस्ट सिरीज, म्हणजे सराव परीक्षांचा संच, विकत घेतली, तिच्याबद्दल पुढे.

मी साताऱ्याला एका पतसंस्थेत हिशेब बघते. बी.कॉम. आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. हे मुद्दाम सांगतेय, कारण क्वांटच्या तयारीबद्दल लिहिणारे बहुतेक जण इंजिनिअर असतात आणि ‘बेसिक्स तर येतातच’ असं म्हणून तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतात. मला लसावि, मसावि, केवल मूल्य, भूमिती श्रेढी हे सगळं येत होतं, पण मराठीत. ‘मॉड्युलस’ म्हणजे आपलं केवल मूल्यच, हे कळायला मला एक आठवडा लागला आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला.

पहिला महिना मी सगळ्यांसारखीच वागले. रोज रात्री दहा प्रश्न, उत्तर जुळलं की टिक, नाही जुळलं की सोल्यूशन वाचायचं, मान डोलवायची आणि पुढचा प्रश्न. सोल्यूशन वाचताना सगळं समजतं. स्वयंपाकाचा व्हिडिओ बघताना सगळ्या पोळ्या फुगतात तसंच ते. मे महिन्यात सहज एप्रिलमधले चुकलेले वीस प्रश्न परत घेऊन बसले, तर तेरा पुन्हा चुकले. त्या दिवसापासून रजिस्टर नीट ठेवायला लागले.

रकाने साधे : वर्ष-स्लॉट-प्रश्न क्रमांक, किती मिनिटं गेली, उत्तर बरोबर की चूक, आणि चुकलं असेल तर कारण. कारणाला चारच खुणा. ‘वा’ म्हणजे वाचायला चुकले. ‘हि’ म्हणजे हिशेबात चुकले. ‘सु’ म्हणजे सुचलंच नाही. आणि ‘सो’ म्हणजे चार मिनिटांच्या वर बसले, तरी आलं नाही. सोडायला हवं होतं.

पहिली फेरी पूर्ण झाली तेव्हा ४८० पैकी २३१ बरोबर होते. उरलेल्या २४९ मध्ये वा ६१, हि ३८, सु ९७, सो ५३. माझी समजूत अशी होती की मी आकडेमोडीत पक्की आणि कल्पना सुचण्यात कच्ची. आकडेमोडीचं खरंच निघालं. पण वाचण्यातल्या ६१ चुकांनी माझी झोप उडवली.

त्या चुकांचा एक नमुना देते. मूळ प्रश्नातले आकडे बदललेत. क्ष·य + २क्ष + ३य = १८ असं समीकरण आहे, क्ष आणि य धन पूर्णांक आहेत, तर किती जोड्या मिळतील? मी पहिल्यांदा क्ष ला १, २, ३ असे आकडे देत बसले आणि सहा मिनिटं घालवली. खरी किल्ली एवढीच, की दोन्ही बाजूंना ६ मिळवायचे. मग डावी बाजू (क्ष + ३)(य + २) होते आणि उजवीकडे २४ येतात. आता फक्त २४ चे अवयव पाडायचे. क्ष किमान १, म्हणून पहिला कंस किमान ४. य किमान १, म्हणून दुसरा किमान ३. बसणाऱ्या जोड्या तीनच : ४ × ६, ६ × ४, ८ × ३. उत्तर ३.

हे कळल्यावर खूश होऊन मी त्याच घाटाचा पुढचा प्रश्न घेतला आणि तसाच सोडवला. चूक! कारण तिथे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्दच नव्हता, नुसतं ‘इंटिजर’ होतं. वरच्या समीकरणात तो एक शब्द काढून बघा. २४ चे धन विभाजक ८, ऋण धरले तर १६, आणि प्रत्येक विभाजकाला एक जोडी. उत्तर ३ वरून १६ वर. त्यात तो प्रश्न टीआयटीए प्रकारातला, म्हणजे पर्याय नसलेला, उत्तर आपणच टंकायचं. पर्याय असते तर माझं उत्तर त्यांत कदाचित दिसलं नसतं आणि मी थबकले असते. टीआयटीएला चुकलं तर मार्क जात नाहीत म्हणून लोक खूश असतात, पण चुकलंय हे सांगणाराही तिथे कोणी नसतो.

यावर माझा उपाय शाळकरी होता, पण लागू पडला. प्रश्नातल्या अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि वर मराठीत लिहायचं : धन, पूर्णांक, ऋणेतर, भिन्न. ‘डिस्टिंक्ट’च्या डोक्यावर ‘भिन्न’ लिहिलं की मला ते विसरताच येत नाही. परीक्षेत स्क्रीनवर रेघ मारता येत नाही हे खरं, पण तोवर डोळ्याला सवय लागली होती.

आता कॉमर्सवाल्यांसाठी एक गुपित. चाळीस लिटर दुधातून आठ लिटर काढलं, तेवढंच पाणी घातलं, असं तीनदा केलं, तर दूध किती उरलं? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं भीती घालत होता. मग एकदा ऑफिसात घसाऱ्याची नोंद करताना लक्षात आलं, की अरे, हे तर तेच. चाळीस हजारांचं यंत्र, दरवर्षी उरलेल्या किमतीवर २० टक्के घसारा, तीन वर्षांनी पुस्तकी किंमत? ४० चे ३२, ३२ चे २५.६, २५.६ चे २०.४८. दूध २०.४८ लिटर, यंत्र २०,४८० रुपये. त्यानंतर मिश्रणाचा एकही प्रश्न मला परका वाटला नाही. नफा-तोट्याचंही तसंच. वीस टक्के सूट देऊन वीस टक्के नफा हवा, तर छापील किंमत खरेदीपेक्षा किती टक्के जास्त? माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, तो लगेच समीकरण मांडायला बसतो.

“ताई, तू एक्स का धरत नाहीस?”

“शंभर धरते ना. खरेदी शंभर, विक्री एकशेवीस, तीच छापिलाच्या ऐंशी टक्के, म्हणजे छापील दीडशे. झालं पन्नास टक्के.”

“पण ही काय मेथड नाही.”

नसेल. त्याचा एक्स अजून कागदावर उतरत होता.

पेपरांच्या दर्जाबद्दल. २०१७ चा क्वांट मवाळ आहे. सुरुवात तिथूनच करा, धीर येतो, पण त्यात मिळालेल्या मार्कांवर विश्वास ठेवू नका. तेव्हा ३४ प्रश्नांना ६० मिनिटं होती, आता २२ ना ४० आहेत. भागाकार करून बघा : आधी प्रश्नाला सुमारे १०६ सेकंद, आता १०९. कागदावर फरक नाहीच. पण साठ मिनिटांत एखाद्या प्रश्नावर पाच मिनिटं फुकट गेली तरी सावरता यायचं, चाळिसात ती पाच मिनिटं म्हणजे आठवा हिस्सा. म्हणून २०२० नंतरचे पेपर सुटे प्रश्न म्हणून फोडू नका, सलग चाळीस मिनिटं लावून द्या. २०२३ चे तीन मी ऑक्टोबरपर्यंत बघितलेच नाहीत आणि त्याचा फार उपयोग झाला. विषयवार बोलायचं तर अंकगणित आणि बीजगणित यांचंच राज्य. क्रमचय-संचय, ज्याची सगळे इतकी धास्ती घेतात, ते एखाद-दुसऱ्या प्रश्नापुरतं. भूमितीसाठी मी समरूप त्रिकोण, वर्तुळाची दहावीची प्रमेयं आणि १३-१४-१५ बाजूंचा तो एक त्रिकोण (क्षेत्रफळ ८४, अंतर्वर्तुळाची त्रिज्या ४) एवढंच पाठ ठेवलं. बाकी भूमिती सोडली, अगदी ठरवून.

इथेच ‘सो’च्या रकान्याकडे येते. सात महिन्यांत मी शिकले त्यातलं सगळ्यात जड हेच होतं. बरोबर उत्तराला ३, पर्याय असलेला प्रश्न चुकला तर वजा १, आणि सोडलेल्याला शून्य. हे सगळ्यांना पाठ असतं. पण शाळेपासून आपल्याला अंगवळणी काय पडलंय? येत नसलं तरी काहीतरी लिही, पायऱ्यांचे मार्क मिळतील. मागच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागायची तेव्हा आपल्याला कमीपणा वाटायचा. प्रश्न सोडायचा म्हणजे हरायचं, हे हाडात मुरलेलं असतं. ५३ ‘सो’ प्रश्नांचे वेळेचे रकाने मी एकदा बेरजेला घेतले. ३११ मिनिटं निघाली. पाच तास अकरा मिनिटं, आणि मार्क शून्य किंवा त्याखाली. पतसंस्थेत असं खातं मी केव्हाच बुडीत म्हणून दाखवलं असतं.

मग सप्टेंबरपासून एक वेगळाच सराव केला : न सोडवण्याचा. पेपर घ्यायचा, आठ मिनिटांत बावीसही प्रश्न वाचायचे, प्रत्येकापुढे ‘आता’, ‘नंतर’ किंवा ‘नाही’ लिहायचं आणि पेन खाली ठेवायचं. मग दुसऱ्या दिवशी सगळे सोडवून बघायचं, की ‘आता’ लिहिलेले खरंच दोन मिनिटांत सुटले का. सुरुवातीला निम्मे अंदाज चुकायचे. गंमत म्हणजे लांबलचक, चार ओळींचे प्रश्न मी घाबरून ‘नाही’त टाकायचे आणि ते साधे वेग-वेळेचे निघायचे, आणि एका ओळीचा, दिसायला गरीब असा लघुगणकाचा प्रश्न सापासारखा चावायचा.

दोष सांगायलाच हवेत. पहिला आणि मोठा : साठा संपतो. दुसऱ्या फेरीत त्या २४९ पैकी १५८ बरोबर आले, पण त्यातले किती सुटले आणि किती आठवले, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. उत्तर ‘२८’ होतं हे पानावरच्या चहाच्या डागासकट आठवायचं. म्हणूनच आकडे बदलून स्वतः प्रश्न बनवायला लागले. त्यात वेळ जातो, आणि कधी कधी बदललेल्या आकड्यांना पूर्णांक उत्तरच नसतं, पण ते का नसतं हे शोधताना जेवढं शिकले तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकले नाही. दुसरा दोष : कागदावरचा सराव आणि स्क्रीनवरचा यांत फरक आहे. परीक्षेतला कॅल्क्युलेटर माउसने चालवायचा असतो. तो वापरून ३६ गुणिले २५ करण्यापेक्षा ९ गुणिले १०० तोंडी करणं लवकर होतं. हे घरी मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलं की कळत नाही.

आणि ती टेस्ट सिरीज. नाव घेत नाही. प्रश्न खऱ्या पेपरापेक्षा अवघड होते, पण अवघड कशाने, तर आकडे कुरूप होते म्हणून. खऱ्या पेपरात किल्ली सापडली की कुलूप पटकन उघडतं. इथे किल्ली सापडल्यावरही दार ढकलत बसायचं. एका प्रश्नाचं उत्तर चक्क चुकीचं छापलं होतं. मी पायऱ्या लिहून पाठवल्या, बारा दिवसांनी ‘तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा वाटतो’ एवढंच उत्तर आलं. तिचा एकच फायदा झाला, रविवारी दुपारी साडेबाराला स्क्रीनसमोर बसायची सवय. मी रोज रात्री अकराला अभ्यास करणारी, आणि परीक्षेला स्लॉट आला तोच, दुपारी साडेबाराचा.

२४ नोव्हेंबरला पुण्याला गेले. क्वांट सगळ्यात शेवटी येतो, ऐंशी मिनिटं इंग्रजी आणि कोडी करून डोकं भुगा झाल्यावर. बावीस वाचले, दहा निवडले, नऊ सोडवले. त्रिकोणाचा एक प्रश्न ‘नाही’त टाकला, आणि नंतर उत्तरतालिका आल्यावर बघितलं तर तो दोन ओळींचा होता. हळहळले. पण ज्या प्रश्नावर मी एप्रिलमध्ये हमखास सात मिनिटं बसले असते, असे निदान तीन मी त्या दिवशी मागे वळून न बघता सोडले. १९ डिसेंबरला निकाल लागला. क्वांटमध्ये पर्सेंटाइल नव्वदीच्या जरा खाली आहे. आयआयएमचं बोलावणं यायला माझ्यासाठी तेवढं पुरलं नाही.

आता एमबीए सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची एमबीएची प्रवेश परीक्षा, देतेय. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. म्हणजे इतक्या कष्टाने शिकलेली प्रश्न सोडायची कला तिथे उलटी फिरवायची : वेळ घालवायचा नाही, पण कोरंही ठेवायचं नाही. नवीन रजिस्टर घातलंय. रकाने तेच आहेत, फक्त ‘सो’ काढून त्या जागी ‘ठो’ लिहिते. ठोकून दिलं. परवाच्या सराव पेपरात एकोणीस ठो होते, त्यातले पाच बरोबर आले, आणि भाऊ विचारतोय की ही कुठली मेथड.