ऊसतोड कुटुंबांचं मदत केंद्र: माणसं पक्की, वेळ गैरसोयीची

कर्नाटकातल्या चिकोडी भागात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांसाठी वस्तीतल्याच बायका हे केंद्र चालवतात. रेशनचं काम चोख. महाराष्ट्राच्या प्राधान्य कार्डावर इथल्या दुकानातही माणशी 5 किलो धान्य मिळतं (अंत्योदय असेल तर कुटुंबाला 35), पण आधार जोडलेलं हवं. ते या ताई आधीच तपासतात. कोयत्यानं झिजलेला अंगठा मशीन घेत नाही, मग कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याला पुढं करतात.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून पोरं अडली, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 मुख्याध्यापकांपुढं ठेवतात: दाखल्याला उशीर म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. कन्नड अर्जही भरून देतात. पोच मात्र आपणच मागून घ्यावी.

टोळी फडातून परतेपर्यंत केंद्राला कुलूप लागलेलं असतं, हे काही बरं नाही.