रिपोर्ट नॉर्मल, तरी थकवा: थायरॉइडचा डोस वाढवायचा की तसाच ठेवायचा?

थायरॉइड कमी काम करतो म्हणून रोज थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडला की हा वाढतो, औषध जास्त झालं की घटतो) २.८ आलाय, तरी दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, केस गळतात, वजन हलत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून डोस वाढवता येतो, किंवा तो तसाच ठेवून थकव्याचं दुसरं कारण शोधता येतं. आमचा कौल बहुतेकदा दुसऱ्या बाजूला आहे.

वाढवण्यात तथ्य कधी असतं? टीएसएच ०.४ ते ४ ही नॉर्मलची पट्टी बरीच रुंद आहे. तो ३.८ असेल आणि तक्रारी थायरॉइडच्याच वाटत असतील, तर १२.५ मायक्रोग्रॅम वाढवून बघणं रास्त आहे. पण १.५ असताना वाढवून हाती फारसं लागत नाही. टीएसएच ०.१ च्या खाली गेला की धडधड होते, झोप उडते, साठीनंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात.

न वाढवता शोधायचं ठरलं, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदमच तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नेहमीचंच. घोरत असाल तर झोपेतला श्वासही तपासायला हवा.

आता उलटी गत: तब्येत ठीक, पण टीएसएच ९. त्याच कागदावर फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, गोळीतही हेच असतं) छान असेल, तर आधी गोळीची बाटली बघा. महिनाभर गोळ्या चुकवून तपासणीआधीचे चार दिवस नेमाने घेतल्या, तर टी-४ लगेच सुधारतो. टीएसएचला मात्र आठवडे लागतात. इथे डोस नव्हे, सवय बदलायची. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या ते एक तासानंतर. उठल्यावर गोळी घेऊन तळजाईच्या टेकडीवर फिरून आलात की तेवढा वेळ आपसूक जातो. लोह-कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल सुरू झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने शोषण घटतं. पुण्याच्या पावसाळ्यात बाटलीचं झाकण घट्ट लावा, गोळीला दमट हवा सोसत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार बायोटिन या जीवनसत्त्वाचा. केस गळतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळीत ते भरपूर असतं आणि काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटाच कमी, टी-४ खोटाच जास्त दिसतो. मग डोस कमी केला जातो आणि केस आणखी गळतात! रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा. मोठ्या डोसचं असेल तर किती आधी, ते डॉक्टरांना विचारा.

डोस बदललाच तर ६ ते ८ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी गोळी घेण्याआधी रक्त द्या. औषध शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांतला रिपोर्ट निर्णयाच्या कामाचा नाही.

टी-४ सोबत टी-३ हे दुसरं थायरॉइड संप्रेरकही देणारी जोडगोळी हा पहिला पर्याय नव्हे. तिचा असर दिवसभरात चढतो-उतरतो, हृदयविकार असेल तर टाळलेलीच बरी.

दिवस राहिल्याचं कळलं तर मात्र थांबू नका. गर्भारपणात गरज साधारण पाव हिश्श्याने वाढते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पिट्यूटरीचा (टीएसएच बनवणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीचा) आजार असेल तर टीएसएच बघूच नये, फ्री टी-४ वर डोस ठरतो. आणि सत्तरीपुढच्या आजींचा टीएसएच ५-६ असेल, तर तो ओढून १ वर आणायची घाई नको.