सोलरवरची मासेटाकी, दहा महिन्यांनी: पॅनेल चोख, कंट्रोलर घातकी

टाकी 2000 लिटरची, आत 50 रूपचंद. 330 वॅटचं पॅनेल, 12 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी, 18 वॅटचा हवेचा पंप, फिल्टरला पाणी फिरवणारा 40 वॅटचा पंप. वर परसातलं पॉलिहाऊस. एवढ्या संचात लिहिण्यासारखी मुख्य गोष्ट एकच, कंट्रोलरवरचे, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग आणि पंपांची वीज सांभाळणाऱ्या डबीवरचे, दोन आकडे.

जुलैत सलग तीन दिवस झड लागली आणि पहाटे चारच्या सुमारास कंट्रोलरने लोड तोडला, म्हणजे पंपांची वीज बंद केली. सकाळी मासे पृष्ठभागाला चिकटलेले, खालचा ओठ सुजून पुढे आलेला. रूपचंदाचा ओठ असा झाला की समजावं, प्राणवायू कित्येक तास कमी आहे. अकरा मासे गेले. विक्रेत्याचं उत्तर: पॅनेल कमी पडलं, आणखी एक घ्या.

पहिल्यांदा ते पटलं. हिशेब मांडल्यावर पटेना. हवेचा पंप 24 तासांत 432 वॅट-तास खातो. पाण्याचा पंप अखंड चालवला तर 960. दाट ढगांत हे पॅनेल दिवसाला जेमतेम 250 देतं, म्हणजे दुसरं पॅनेल लावूनही 500. तूट पाण्याच्या पंपामुळे आहे. तो तासाला पंधरा मिनिटं चालवला तरी फिल्टरमधले माशांची घाण पचवणारे जिवाणू जगतात आणि खर्च 240 वॅट-तासांवर येतो. वीसेक हजार वाचतात असं नाही, पण दुसऱ्या पॅनेलचे पैसे नक्की वाचतात.

आता कंट्रोलर. कारखान्यातून तो 10.7 व्होल्टला लोड तोडतो आणि 12.6 झाल्याशिवाय परत जोडत नाही. 10.7 पर्यंत उतरवल्याने शिशाची बॅटरी लवकर मरते, ते एक. त्याहून वाईट म्हणजे ढगाळ सकाळी 12.6 गाठायला साडेनऊ-दहा वाजतात. पहाट म्हणजे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असण्याची वेळ, आणि नेमका तेव्हाच हवा बंद. माहितीपत्रकात या आकड्यांबद्दल एक ओळ नाही, याचा राग अजून आहे.

उपाय स्वस्त आहे. बटण दाबून धरलं की आकडे बदलतात: तोड 11.4, जोड 12.1. दोन्हींत याहून कमी अंतर ठेवू नका. लोड सुटला की व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं आणि पंप चालू-बंद करत राहतो. पाण्याच्या पंपाला वेगळा व्होल्टेज रिले (ठरलेल्या व्होल्टला आपोआप चालू-बंद करणारा स्विच) लावा, 12.2 ला तो आधी बंद झाला पाहिजे. दुसरा रिले 11.8 ला घरच्या लाईटवरचा 10 अँपिअरचा चार्जर सुरू करतो. पावसात लाईटही जाते, म्हणून झडीत संध्याकाळचं खाद्य बंदच ठेवावं. पोट भरलेला मासा जास्त प्राणवायू ओढतो.

पॅनेलबद्दल तक्रार नाही. फक्त माडाची एक झावळी आडवी आली की तिसरा हिस्सा वीज जाते, तेव्हा जागा दुपारी नाही, सकाळी नऊला सावली बघून ठरवा. खाऱ्या वाऱ्याने स्क्रूच्या जोडांवर हिरवा काट चढतो. दर दोन महिन्यांनी घासून व्हॅसलीन लावणं भाग आहे.

पॉलिहाऊस कोकणात उबेसाठी नकोच, पावसाचं पाणी टाकीत पडू नये म्हणून हवं. बाजूचं प्लास्टिक मार्चमध्ये काढून 50 टक्के शेडनेट लावा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि हवेच्या पंपावर ताण येतो.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मृदू असतं. फिल्टरमधले जिवाणू त्यातली क्षारता खात जातात आणि पीएच घसरत सहावर येतो, मग तेच जिवाणू मंदावतात. पीएच घसरू न देणारा विकतचा बफर घेऊ नका. तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, दोन किलो कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या पाण्यात टांगा. पाणी आंबट झालं की शिंपला विरघळतो, नाहीतर तसाच राहतो. दहा महिन्यांत पिशवी एकदाच भरावी लागली.

जुना कंट्रोलर फेकला नाही. आकडे बदलून तोच चालू आहे. ऑगस्टच्या झडीत बॅटरी 11.8 पर्यंत आली, चार्जर सुरू झाला, उरलेले 39 मासे शाबूत.