डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञानाचे एम.ए. : एका माजी विद्यार्थ्याचा अभिप्राय

भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला म्हटल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, ‘आता किती भाषा येतील?’ पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात दोन वर्षांचे एम.ए. पूर्ण केल्यावरही माझी एकही नवी भाषा झाली नाही. मात्र जन्मापासून बोलत आलेली मराठी मी प्रथमच ऐकली. ‘चार गाई’ आणि ‘गाईला गवत चार’ यांतील ‘चार’ लिहायला एकच, पण पहिल्याचा च तालव्य (जीभ टाळूला लागून होणारा) आणि दुसऱ्याचा दंततालव्य (जीभ दातांच्या जवळ लागून होणारा). हे दोन वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारे ध्वनी, मानायचे का, आणि मग ‘आमचा’चे ‘आमची’ होताना च आपोआप का बदलतो, अशा प्रश्नांची उत्तरे येथे पाठ करायची नसतात, सामग्री मांडून शोधायची असतात.

ही सामग्री हाताशी असणे, हे या संस्थेचे खरे वैभव आहे. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३९ मध्ये संशोधन संस्था झाली, आणि भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये येथे संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे, म्हणजे शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात कसे बदलले ते दाखवणाऱ्या शब्दकोशाचे, काम हाती घेतले गेले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या शब्दांच्या दाखल्यांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्यांवर उभ्या असलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. चिठ्ठ्यांची ती कपाटे पाहिल्यावर ‘या शब्दाचा मूळ अर्थ अमुक’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, की मला पहिल्यांदा दाखला मागावासा वाटतो. मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे ध्वनिमुद्रित नमुनेही संस्थेने सर्वांसाठी खुले केले आहेत.

अडचणी आहेत, पण त्या बहुतांशी विषयाच्या आहेत. वाचन जवळजवळ सगळे इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सत्र जड जाते. अध्यापनाच्या जागा मोजक्याच. यंत्रानुवाद किंवा वाणी-ओळख (संगणकाने बोलणे ओळखणे) या क्षेत्रांत शिरायचे, तर प्रोग्रॅमिंगही आलेच पाहिजे.

अर्ज भरण्यापूर्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे तिच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावे आणि शुद्धलेखन बाजूला ठेवून, जसे ऐकू येते तसे उतरवून पाहावे. पाचव्या मिनिटाला कंटाळा आला, तर फीचे पैसे वाचले असे समजावे.