देवगडातलं ई-सेवा केंद्र: दाखले, फळपीक विमा, मतदार फॉर्म आणि एक साकव (ओढ्यावरचा छोटा पूल)

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण मालकीण ताईंनीच सांगितलं की जाहिरात नको, आहे तीच गर्दी आवरत नाही. देवगड तालुक्यातल्या लोकांना वर्णनावरून कळेलच. बाजारात झेरॉक्सचा फिकट पडलेला पिवळा बोर्ड, बाहेर पत्र्याची शेड, एक लाकडी बाकडं, आत दोन कॉम्प्युटर ज्यातला एकच चालतो, आणि सकाळी नऊलाच लागलेली लाईन. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला तेही सांगतो.

आधी कामाचं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सातबारा आणि आठ अ, पॅन, पीएम किसानची केवायसी, आणि नोव्हेंबर आला की आंबा-काजूचा फळपीक विमा, हे सगळं इथे होतं. 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म चालू होते तेव्हा ताई रात्री दहापर्यंत बसलेल्या मी स्वतः बघितल्यात. रेट भिंतीवर लिहिलेत आणि त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त घेत नाहीत, पावती न मागता देतात. काम होणार नसेल तर आधीच सांगतात, उगाच चार हेलपाटे मारायला लावत नाहीत. ज्यांनी एका दाखल्यासाठी तीनतीनदा गाडीभाडं खर्च केलंय त्यांना याची किंमत कळेल, कारण आमच्याकडे आतल्या वाडीवरून तालुक्याला यायचं म्हणजे सकाळची गाडी चुकली की अर्धा दिवस गेला.

एक गोष्ट मला फार आवडली. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं डिकाने, म्हणजे काजूच्या टरफलातल्या जळजळीत तेलाने, गेलेली असतात, त्यांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत. बऱ्याच ठिकाणी 'अंगठा येत नाय, नंतर या' म्हणून परत पाठवतात. इथे काउंटरवर ओलं फडकं ठेवलेलं असतं, बोट पुसायचं, थोडं थांबायचं, दुसरं बोट लावायचं, तरी नाही झालं तर डोळ्याचं मशीन काढायचं. कोणाला घाई करत नाहीत. मागे लाईन ओरडत असते तरी नाही.

आता मी गेलो होतो ते काम. मुंबईची नोकरी सोडून गावी आलो, कलमं बघतोय, पण मतदार यादीत नाव अजून मुंबईलाच होतं. ते इकडे आणायला फॉर्म 8 भरावा लागतो. हा फॉर्म फुकट आहे, मोबाईलवरून स्वतः भरता येतो, नाहीतर गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याकडे, देता येतो, आणि हे मला ताईंनीच पहिल्या मिनिटाला सांगितलं. तरी मी तिथेच भरला, कारण स्कॅन करायचं होतं. त्यांनी फक्त प्रिंटचे पैसे घेतले. पण फॉर्म भरायच्या आधी एक प्रश्न विचारला, बारा महिने इथेच राहता ना? म्हटलं हो. मग भरला. बीएलओ घरी येऊन बघून गेल्या आणि नाव इकडे आलं, कार्डाचा नंबर जुनाच राहतो त्यामुळे तोही घोळ नाही.

तो प्रश्न त्या उगाच विचारत नाहीत. ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की पॅनलवाले आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन येतात, सगळी चाकरमानी मंडळी, राहणार विरार-दिवा-भांडुपला, आणि म्हणतात यांची नावं गावात टाका. ताईंनी असा गठ्ठा परत केल्याचं मला शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, माणूस समोर हवा आणि तो इथे राहत असायला हवा, कायद्यात दोन ठिकाणी नाव चालत नाही, संपलं. गावात चार लोक नाराज झाले असणार. पण मला हे पटतं. चाकरमान्यांचं गावावर प्रेम आहे, देवळाला वर्गणी देतात, गणपतीत गाव भरतं ते त्यांच्यामुळे, हे सगळं खरं, तरी जुलैमध्ये पऱ्ह्या, म्हणजे ओढा, भरून वाहतो तेव्हा पलीकडे अडकतो तो इथे राहणारा माणूस, आणि त्याचं मत गाडी भरून आलेल्या मतांखाली दाबलं गेलं की तो पुढच्या वेळी बूथवर जायचाच कंटाळा करतो.

आणि इथे राहणारे कमी होतायत. 2001 ते 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची जवळपास पाच टक्क्यांनी आणि आमची दोन टक्क्यांच्या वर. आणि बाकी राज्याच्या मानाने माणसं कमी म्हणून आमदार तर त्याआधीच कमी झाले होते. 2001 च्या जनगणनेवरून झालेल्या 2008 च्या मतदारसंघ फेररचनेत रत्नागिरीचे सात मतदारसंघ होते त्याचे पाच झाले, सिंधुदुर्गचे चाराचे तीन, खेड आणि संगमेश्वर नावाचे मतदारसंघच राहिले नाहीत, आमचा देवगडसुद्धा गेला, आम्ही आता कणकवलीत मत देतो. दोन जिल्हे मिळून 288 मध्ये आठ. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूरमधून लोकसभेत जायचे तो राजापूर लोकसभा मतदारसंघही आता नकाशावर नाही. विधानसभेत आठ माणसांचा आवाज किती जाणार? पोरं शिकून बाहेर जातात कारण इथे काही नाही, आणि ती गेली म्हणून मागणारे कमी, म्हणून इथे काही येत नाही. हे चक्र फिरतंच आहे.

कोणी म्हणेल कोकणाला नेते मिळाले नाहीत. मिळाले की. अंतुले 1980 ला मुख्यमंत्री झाले, मनोहर जोशी 1995 ला, राणे 1999 ला. पण घटनेच्या 371 कलमाखाली विकास मंडळं झाली 1994 मध्ये, त्यात विदर्भाला वेगळं, मराठवाड्याला वेगळं, आणि कोकण 'उर्वरित महाराष्ट्र' मध्ये, पुणे, नाशिक, कोल्हापूर यांच्याबरोबर एकाच पोत्यात. सरासरी काढली की साखरपट्टा आम्हालाही श्रीमंत दाखवतो. त्या मंडळांची मुदतसुद्धा 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्ड या समुद्री पर्यटन प्रकल्पाची चर्चा ऐकत एक पिढी मोठी झाली आणि तिथे अजून समुद्रच आहे. मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे, आमच्या सिंधुदुर्गातला भाग चांगला झाला पण मुंबईहून यायचं तर रायगड ओलांडूनच यावं लागतं ना. आणि जरा अवघड पेशंट असला की अजून गाडी गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला वळते, म्हणजे आपलं राज्य सोडून.

एवढं सगळं लिहिलं कारण त्या दुकानात बाकड्यावर बसलं की हेच ऐकू येतं, आणि एक प्रसंग मी समोर बघितला तो सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही.

2024 च्या विधानसभेच्या आधीचे दिवस. एक आजोबा आले, धोतर गुडघ्यापर्यंत, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मतदान कार्ड. म्हणाले, "माझा नाव काढून टाक गो बाय त्या यादीतला." ताईंना वाटलं घरात कोण वारलं असेल, त्याचं नाव काढायचं असेल, म्हणून त्यांनी फॉर्म 7 उघडला. तर आजोबा म्हणाले माझंच. "माका मतदान करूचा नाय. साकव व्हावन गेलो तेका किती वर्सा झाली, दर टायमाक येतत, हात जोडतत, फोटो काढतत आणि जातत."

आम्ही बाकीचे गप्प. ताईंनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला नाही, मतदान पवित्र कर्तव्य वगैरे काही बोलल्या नाहीत, फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि फॉर्ममधली कारणं एकेक करून वाचून दाखवली. "मयत झालो, नायतर वय कमी, नायतर कायमचो दुसरीकडे रवाक गेलो, नायतर दोन ठिकाणी नाव, नायतर भारताचो नागरिक नाय. आजोबा, ह्यातला काय लिवू?" आजोबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मगे मी रागावलंय असा लिव."

ताई म्हणाल्या, तसा रकाना ह्या फॉर्मात नाय, पण ता लिवूक दुसरो कागद आसा. आणि त्यांनी कोरं पान उघडलं. साकव कुठल्या पावसात गेला, पलीकडे घरं किती, शाळेत जाणारी पोरं किती, पावसात वळसा कुठून पडतो, आजारी माणसाला कसा आणता, हे सगळं विचारत टाईप करत गेल्या. आजोबा बोटं मोजून घरांची नावं सांगत होते, एका घरावर अडले तर लाईनमधल्या त्यांच्याच वाडीच्या एका बाईने पुढचं घर सांगितलं. पलीकडची घरं किती हे एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. साकव म्हणजे झेडपीचा विषय, आणि झेडपीची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपलेली, प्रशासक बसलेला, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडायचं असा निवडून आलेला सदस्यच त्या काळात अस्तित्वात नव्हता. एका ऑफिसात आजोबा आधी जाऊन आले होते, तिथे तोंडी सांगा म्हणाले होते. ताईंनी अर्जाच्या प्रती काढल्या, एक ग्रामपंचायतीला, एक बांधकाम विभागाला, एक आजोबांना, आणि बजावून सांगितलं की शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. शिवाय आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकून टोकन नंबर कार्डाच्याच पिशवीत ठेवून दिला.

साकव अजून झालेला नाही. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं की पाहणीला माणूस येऊन मोजमाप घेऊन गेला आणि अंदाजपत्रक वर गेलंय. इतकंच. पण इतकंसुद्धा आधी झालं नव्हतं.

कोकणातला माणूस मतदानाबद्दल उदासीन आहे, त्याला काही पडलेली नाही, असं टीव्हीवर बोलतात तेव्हा मला या आजोबांची आठवण होते. ज्याला पडलेली नसते तो भाडं खर्च करून नाव काढायला तालुक्याला येत नाही, घरी झोपतो. रत्नागिरी जिल्ह्यात बारसूला, जिथे रिफायनरी यायची होती, 2023 च्या एप्रिलच्या उन्हात बायका-माणसं कातळावर बसली होती, रिफायनरीच्या बाजूची असोत की विरोधातली, त्यांना आपल्या जागेचं काय होतंय याची चिंता होती म्हणूनच बोलत होती. 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर दिवसेंदिवस लाईट नव्हती तेव्हा पोरांनीच रस्त्यावरची झाडं तोडून वाट केली. लोक जागे आहेत. पाच वर्षांत एकदा बटन दाबायचं आणि मधल्या काळात कोणी हाक ऐकायची नाही, याला ते वैतागलेत. मग गावाच्या वेशीवर 'रस्ता नाही तर मत नाही' चा बोर्ड लागतो, साहेब येतात, आश्वासन देतात, बोर्ड उतरतो, मतदान होतं, आणि रस्ता होता तसाच राहतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा बोर्ड लावायलाही कोणी उठत नाही, आणि मला त्या टप्प्याची खरी भीती वाटते.

पोरांचं अजून वेगळं. जूनमध्ये बारावीनंतरची मुलं उत्पन्नाच्या नि जातीच्या दाखल्यासाठी येतात, तेव्हा ताई प्रत्येकाला विचारतात अठरा झाली का, फॉर्म 6 भरायचा का. बरीच मुलं म्हणतात कशाला, आम्ही तर पुण्याला चाललो. ताई त्यांना सांगतात की हॉस्टेलच्या पत्त्यावर करा नाहीतर घरच्या, पण करा, आणि आता 1 जानेवारीचीच वाट बघायला लागत नाही, 2022 पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, सतरा पूर्ण झाली की आधीच अर्ज टाकता येतो. काहीजण भरतात. हे काम खरं तर पक्षांच्या पोरांनी कॉलेजात जाऊन करायचं, पण ते येतात फक्त रॅलीला बाईकवाले हवे असतात तेव्हा.

आता अर्धा मार्क. फोन उचलत नाहीत, कधीच नाही, त्यामुळे आज चालू आहे की बंद हे गेल्याशिवाय कळत नाही, आणि लांबून येणाऱ्याला हे फार महागात पडतं. बसायला एकच बाकडं, म्हाताऱ्या माणसांना शेडखाली उभं राहावं लागतं आणि पावसात ती शेड एका बाजूने गळते. दुसरा कॉम्प्युटर दुरुस्त करून घेतला आणि एखादी मुलगी मदतीला ठेवली तर लाईन अर्ध्यावर येईल. लिंक जाते, लाईट जाते, त्याचा दोष त्यांना देणार नाही, पण निदान आज विम्याची साईट बंद आहे एवढी पाटी बाहेर लावली तर बरं होईल. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, पाटीचं कबूल केलंय.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि बाजाराचा दिवस टाळा. विमा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, सातबारा आधी काढून ठेवा, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स स्पष्ट हवी. मतदार फॉर्मसाठी आधार, एक फोटो आणि पत्त्याचा पुरावा, मोबाईल नंबर चालू असलेला, आणि फॉर्म भरल्यावर जो रेफरन्स नंबर येतो तो लिहून घ्या, त्यावरून पुढे काय झालं ते घरी बसून बघता येतं. घरात कोणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन त्यांचं नावही काढून घ्या. आणि वाडीच्या रस्त्याचं, साकवाचं, नळाचं काही अडलं असेल तर तेही विचारा, अर्ज नीट लिहून देतात, त्याचे फक्त प्रिंटचे पैसे. सोबत मोबाईलमध्ये जागेचे फोटो आणि पलीकडच्या घरांची यादी तयार असली की काम पटकन होतं.