रेलखाली दडवलेले भोक आणि माझे १,९४,७०० रुपये

मी पुण्यात तेवीस वर्षे वाद्यवृंदांमध्ये ड्रम वाजवतो आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचल्यावर प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न येणार की इतकी वर्षे वाजवणारा माणूस असा कसा फसला. गेले पाच महिने मी स्वतःला तोच प्रश्न विचारतो आहे, आणि घरात अजूनही कोणी हा विषय काढला की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

गेल्या जुलैत मुंबईच्या एका उपनगरात जुनी वाद्ये विकणाऱ्या माणसाकडे मी अमेरिकेच्या लडविग कंपनीचा साठच्या दशकातला सुपर क्लासिक संच पाहिला. २२ इंची बास (पायाने वाजवायचा मोठा आडवा ड्रम), १३ इंची टॉम (बासच्या वर बसणारा छोटा ड्रम), १६ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा), चंदेरी चमकीचे आवरण. स्टुडिओत वाजवणाऱ्या एका दिवंगत वादकाच्या घरातून तो निघाला आहे, असे सांगण्यात आले. मूळ किंमत २,१०,००० सांगून सौदा १,७२,००० वर ठरला : २५,००० बयाणा, १,२०,००० बँकेतून आणि २७,००० रोख. रोख रकमेची पावती मी मागितली नाही. तुम्ही मागा, आणि समोरचा माणूस त्यावरून नाराज झाला तर व्यवहार तिथेच सोडा.

एवढी किंमत लावण्याचे त्याचे कारण एकच होते : बासला एकही भोक पाडलेले नाही. जुन्या संचांच्या व्यवहारात ही बाब किती मोलाची असते हे जाणकारांना सांगायला नको. एकदा कोणी बासच्या माथ्यावर हल्लीचा नळीचा टॉम-होल्डर बसवण्यासाठी इंचभराचे भोक पाडले की तो ड्रम वाजतो, पण त्याची किंमत उतरते ती उतरतेच. त्याने हे मला व्हॉट्सॲपवर लिहूनही दिले होते.

आता प्रश्न राहिला टॉम कशावर बसवायचा हा. माझे मन सुरुवातीला स्वच्छ होते. एक तर टॉम स्नेअरच्या (वादकाच्या पुढ्यातल्या खरखरीत आवाजाच्या ड्रमच्या) स्टँडवर ठेवायचा. १३ इंची टॉम त्यात नीट बसतो, फक्त स्टँडचे पंजे जास्त आवळले तर आवाज दबतो. नाही तर टॉमच्या रिमला (तोंडाच्या धातूच्या कड्याला) धरणारी पट्टी लावून तो सिंबल-स्टँडवरून (झांजेच्या स्टँडवरून) लटकवायचा. यात शेलवर (ड्रमच्या लाकडी अंगावर) भार येत नाही, सूर जास्त वेळ घुमतो आणि बासलाही हात लागत नाही. त्या काळचे लडविगचे शेल तीन पदरी आणि पातळ असते, कडांना आतून लाकडी कडी असतात, म्हणून अशा शेलवर जितका कमी भार तितके चांगले. हे सगळे मला ठाऊक होते.

तरीही त्याने मला फिरवले. त्याचे म्हणणे असे की स्टँडवर ठेवलेल्या टॉमने संचाची शोभा जाते. लडविगने त्या काळी बासवर छोटी रेल आणि तिच्यावर सरकणारा हात दिलेला असे, तशी अस्सल रेल आपल्याकडे आहे, ती १८,५०० रुपयांत देतो आणि स्वतःच्या हाताने कारखान्याच्याच जागेवर बसवून देतो, मजुरी नको. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार लडविगवर दिसला आणि जगभरच्या पोरांना तसाच संच हवा झाला. बासवर खाली, जवळ बसवलेला टॉम माझ्याही डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे. मी मोहात पडलो हे कबूल करतो. पण तो मोह कुठे दुखतो हे ओळखून त्याने तिथेच बोट ठेवले होते.

मला कळायला हवे होते ते इथे. ज्या बासला भोक नाही म्हणून तो माणूस माझ्याकडून जास्तीचे पैसे घेत होता, त्याच बासला चार भोके पाडण्याची घाई त्यालाच झाली होती. स्वतःच्या मालाचे मोल स्वतःच्या गिरमिटाने कोण कमी करतो? शिवाय टॉमच्या अंगाला जुने ब्रॅकेट होते. मग त्या ब्रॅकेटात अडकणारा हात बासवर कधी नव्हताच, हे कसे शक्य होते? मी विचारलेही. मालक टॉम सिंबल-स्टँडला लावत असत, असे उत्तर आले आणि मी मान डोलावली.

त्याने फ्लोअर टॉमचे हेड (वाजवायचा ताणलेला पडदा) आपणहून काढून आतला तांबड्या शाईचा मे १९६६ चा शिक्का मला दाखवला. शिक्का खरा होता, ड्रमवरचा कंपनीचा बिल्ला खरा होता. (बिल्ल्यावरच्या क्रमांकावरून नेमके वर्ष कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका, ते बिल्ले क्रमाने लागतच नसत.) बास मात्र कोपऱ्यात होता, त्याच्या माथ्यावर घडी घातलेला जाड टॉवेल आणि टॉवेलवर टॉम. त्याने पाठवलेल्या सातही फोटोंत तो टॉवेल तसाच होता. बासचे हेड उघडू या, असे मी म्हणालो तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, हेड मूळचे आहे, काढताना फाटले तर भरून कोण देणार?’ त्या बासचे बहुतेक स्क्रू टी-आकाराच्या मुठीचे होते. ड्रम कीसुद्धा लागत नाही, नुसत्या हाताने पाच मिनिटांत हेड निघते. तो चहा सांगायला बाहेर गेला तेव्हा माझा हात त्या मुठीवर होता. मी तो काढून घेतला, कारण परक्याच्या वस्तूला न विचारता हात लावणे मला बरे वाटले नाही.

संच रेल बसवूनच पुण्याला आला. टेम्पोचे ४,२०० वेगळे. कोजागिरीच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला टॉम पुढे कलला आणि रेल एका स्क्रूवर लोंबू लागली. समोर चारशे माणसे होती. उरलेला कार्यक्रम मी टॉमशिवाय वाजवला.

रात्री दीड वाजता घरी हेड उघडले. बाहेर आलेल्या स्क्रूच्या आट्यांमध्ये लाकडाचा कीस नव्हता, सुताराची लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरलेली होती. नखाने खरवडली तर पिठासारखी गळत होती. आतल्या जुन्या पिवळट रंगावर तळहाताएवढा नवा पांढरा रंग होता. तो खरवडल्यावर ३२ मिलिमीटरचे गोल भोक दिसले, त्यात खोक्याच्या प्लायवुडची चकती ठोकलेली, वरून त्याच चंदेरी चमकीचा गोल तुकडा चिकटवलेला, आणि त्यावर नेमकी रेलची रुंद बैठक. रेलही जुनी नव्हती. टॉम कुठे बसवावा हे त्या भोकाने ठरवले होते आणि मी मात्र आवाजाचा विचार करत बसलो होतो.

विक्रेत्याने दोन दिवस फोन घेतला, मग नंबर बंद केला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने याच संचाचे आता ७५,००० सांगितले.

त्यानंतर सरकारी दारे. माझ्या भागातील पोलीस ठाण्यात अंमलदाराने तक्रार अर्धी वाचून हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले, आणि पुढे ‘ढोलाला भोक असल्याची काय तक्रार करता’ असे साऱ्यांसमोर म्हटले. मुंबईतल्या ठाण्याने पैसे पुण्यातून गेले म्हणून पुण्याला जायला सांगितले. पुण्याने पुन्हा मुंबई दाखवली. खोटे सांगून मालमत्ता द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी छापून नेले तेव्हा तो कागद माझ्याकडे परत सरकवण्यात आला. चार फेऱ्यांत माझ्या चार रजा गेल्या. बँकेने तुम्हीच पैसे पाठवलेत असे सांगून विषय संपवला. ज्याने कायद्याचे पालन करायचे त्यालाच कायदा समजावून सांगावा लागतो आणि वर त्याची बोलणी खावी लागतात, याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

म्हणून सांगतो, ठाण्यात तोंडी सांगून निघू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज पाठवा. मी तो चौथ्या फेरीनंतर पाठवला, पहिल्या दिवशीच पाठवायला हवा होता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर त्याच तासाला फोन करा. तीन महिन्यांनी भोक सापडलेल्या माझ्यासारख्याला त्याचा उपयोग उरत नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, पण समोरचा ‘मी व्यापारी नाही, घरचा संच विकला’ असे म्हणणार, हे धरून त्याच्या इतर जाहिरातींची चित्रे आधीच साठवून ठेवा. माझ्याकडे त्याच्या अशा अकरा जाहिराती आहेत. त्यांतल्या दोन फोटोंत बासवर तोच टॉवेल आहे.

माझी तक्रार आता आयोगापुढे आहे. टॉम मी स्नेअरच्या स्टँडवर ठेवला आहे आणि तो उत्तम वाजतो. बास मात्र हेड काढून, चकती, स्क्रू आणि लांबीची भुकटी वेगळ्या पिशवीत घालून, जसाच्या तसा ठेवला आहे. सुनावणीला तो टेम्पोतून घेऊन जाणार आहे.